एकशे शेहेचाळिसांतला सहावा

सकाळी सात

होळीच्या आधीचा आठवडा आमच्या लॅबसाठी सुगीचा. दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि गुजरातेत शेतमजुरीला गेलेली घरं भोंगऱ्या बाजाराच्या ओढीनं सातपुड्यात परत येतात, आणि एरवी वर्षभर न सापडणारी माणसं थोडे दिवस एका जागी सापडतात. आशाताईंना हे पक्कं ठाऊक असतं. त्या पाड्यापाड्यांतून जीपगाड्या भरून पाठवतात.

मी अक्राणी तालुक्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. हे कागदोपत्री झालं. बाजारात मला ओळखतात ती ‘रगतवाली बाई’ म्हणून.

आल्याआल्या पहिलं काम फ्रिजवरचा थर्मामीटर बघायचा. काटा 2 ते 8 अंशांच्या मध्ये हवा. रात्री वीज जाऊन आली की नाही, हे घड्याळापेक्षा हा काटा खरं सांगतो. आतल्या निम्म्याअधिक बाटल्यांत एन्झाइम आहेत, आणि एन्झाइम म्हणजे शेवटी प्रथिन. अमिनो आम्लांची लांब साखळी स्वतःवरच दुमडत, वळत एक ठरावीक घडी घेते. त्या घडीत एक छोटीशी खोबण तयार होते आणि सगळं काम त्या खोबणीतच चालतं. उष्णतेनं घडी उसवली तर साखळी तशीच राहते, एकही अमिनो आम्ल कमी होत नाही, पण खोबण नाहीशी होते. बाटलीवरच्या तारखेला अजून सहा महिने असतात आणि आतला माल बाद झालेला असतो. म्हणून आधी काटा, मग कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेला नमुना, मग पेशंट. घाईच्या दिवशी कंट्रोल गाळावासा वाटतो. तो गाळू नये तो नेमका त्याच दिवशी.

आठ

सिकलसेलच्या सोल्युबिलिटी चाचणीचं द्रावण फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. त्यात डायथायोनाइटची पूड टाकली की गंधकाचा वास सुटतो. ही पूड हवेनं मरते, त्यामुळे डबी उघडी ठेवणाऱ्याला माझ्याकडे माफी नाही. बाहेर बाकड्यांवर माणसं बसायला लागली आहेत. कोणी असलीहून आलंय, कोणी बिलगावकडून. लहान मुलांच्या हातात बाजारातले फुगे आहेत.

नऊ ते साडेदहा

बोटाला टोचायचं, वीस मायक्रोलिटर रक्त दोन मिलिलिटर द्रावणात सोडायचं, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं. मग नळीमागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. गढूळपणात हरवल्या तर सिकलसेलचं हिमोग्लोबिन आहे. सगळी चाचणी एवढीच. द्रावणातलं सॅपोनिन पेशी फोडतं, डायथायोनाइट प्राणवायू काढून घेतं, आणि प्राणवायू गेल्यावर सिकलचं हिमोग्लोबिन त्या दाट फॉस्फेटमध्ये विरघळलेलं राहू शकत नाही.

दिसायला पोरखेळ, पण यात खाचा आहेत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची ही चाचणी करून उपयोग नाही. त्याच्या अंगात अजून आईच्या पोटातलंच हिमोग्लोबिन भरलेलं असतं. कोणाला नुकतंच रक्त चढवलं असेल तर नळी खोटं बोलते. रक्त फारच कमी असेल तर वीसऐवजी चाळीस मायक्रोलिटर घ्यावं लागतं, नाहीतर गढूळपणा उमटतच नाही. आणि सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे वाहकाची नळी आणि रुग्णाची नळी सारखीच गढूळ दिसते. एकाला आयुष्यभर बहुधा काही होणार नाही, दुसऱ्याला दर काही महिन्यांनी हाडं फुटल्यासारखी दुखतील. माझ्या टेबलावर मात्र दोघे शेजारी शेजारी, एकाच रंगाचे. त्यामुळे नळी बघून मी कोणाच्याही तोंडावर ‘तुम्हाला आजार आहे’ म्हणत नाही. ‘नंदुरबारला नमुना जाईल, मग कळेल’ एवढंच सांगते.

साडेदहा

गेल्या खेपेच्या नमुन्यांचे रिपोर्ट आलेत. एका मुलाचा ‘एसएस’ आलाय, म्हणजे रुग्ण, लाल कार्ड. आईबाप दोघेही ‘एएस’, म्हणजे वाहक, पिवळी कार्डं. बाप तिशीतला, पावरा, पायात टायरची चप्पल, मराठी स्वच्छ. तो सरळ मुद्द्यावर आला.

“ताई, आश्रमशाळेचे सर बोलले का पोराच्या रक्तात एक आम्ल कमी पडतंय. ते कशात असतं? डाळीत का अंड्यात? सांगा, मी बाजारातून आणतो.”

इतका नेमका प्रश्न मला कुठल्या प्रशिक्षणातही कोणी विचारलेला नाही. आमच्या पोस्टरवर ‘रक्ताचा आनुवंशिक आजार’ लिहून मोकळे होतात. पाणी भरपूर प्या, थंडीपासून जपा, लग्नाआधी तपासा, अशा सूचनाच सूचना, कारण एकाचंही नाही. माझं स्पष्ट मत आहे की डोंगरातल्या माणसाला हुकूम पटत नाही, कारण पटतं.

मी केसपेपरच्या मागे आठ नावं एकाखाली एक लिहिली. व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक, ग्लुटामिक, लायसिन. “दादा, हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या असतात. दोन साखळ्या 141 अमिनो आम्लांच्या, दोन 146च्या. ही 146वाल्या साखळीची सुरुवात. तुझ्या पोराच्या साखळीत सहावं नाव बदललंय. ग्लुटामिकच्या जागी व्हॅलिन आलंय. बाकी 145 जशीच्या तशी.”

“मग ग्लुटामिक खाऊ घालू.”

“ते त्याच्या अंगात पोत्यांनी आहे. डाळीत आहे, भाकरीत आहे, शरीर स्वतःही बनवतं. माल कमी नाही. कुठला मणी कुठे ओवायचा तो निरोपच चुकीचा आलाय, आणि तो निरोप तुम्हा दोघांकडून निम्मा निम्मा आलाय.” निरोपातली चूकही तेवढीच बारीक आहे: डीएनएमधल्या ‘जीएजी’चं ‘जीटीजी’ झालंय, एका अक्षराची अदलाबदल. हे मी त्याला सांगितलं नाही. निरोप पुरेसा होता.

तो गप्प बसला. मग म्हणाला, “एकानं एवढं होतं?”

होतं, कारण जागा नेमकी वाईट आहे. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, ते पाण्यात सुखानं राहतं. व्हॅलिन तेलकट स्वभावाचं, पाण्यापासून पळणारं. ही सहावी जागा रेणूच्या बाहेरच्या अंगाला, पाण्यातच आहे. हिमोग्लोबिननं प्राणवायू धरलेला असेपर्यंत काही बिघडत नाही. तो सोडला की सगळ्या रेणूची ठेवण जराशी सरकते आणि शेजारच्या रेणूवर, 85व्या फेनिलअॅलनिन आणि 88व्या ल्युसिनजवळ, एक तेलकट खळगा उघडा पडतो. व्हॅलिन त्या खळग्यात जाऊन बसतं. मग त्याला तिसरा रेणू चिकटतो, चौथा चिकटतो. चौदा पदरांचा दोर वळावा तसे धागे तयार होतात आणि मऊ, गोल पेशी ताणून विळ्यासारखी करतात. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे 27 कोटी रेणू असतात, म्हणजे धाग्यांना माल भरपूर.

यातलं त्याच्या कामाचं पुढे आहे. धागे वळायला थोडा अवधी लागतो. बारीक केशवाहिनीतून पेशी साधारण सेकंदाभरात पार होते. तेवढ्यात ती फुप्फुसाकडे परत निघाली आणि प्राणवायू मिळाला, तर धागे विरघळून जातात, काही झालेलं नसतं. पण पेशीतलं पाणी कमी झालं, हिमोग्लोबिन दाटलं, तर धागे कैक पटींनी लवकर वळतात आणि पेशी वाटेतच अडकते. वाहकाच्या पेशीत सिकलचं हिमोग्लोबिन निम्म्याहून कमी, त्यामुळे अवधी लांबतो आणि पेशी निसटते.

“म्हणजे उन्हात खेळताना पाणी पाजायचं ते याच्यासाठी?” त्यानं विचारलं.

“त्याच्यासाठीच.”

“मग असं लिहा ना तिथं,” पोस्टरकडे बोट दाखवून तो म्हणाला. मला आवडला माणूस.

बारा

सेमी-ऑटो मशीनवर लिव्हरच्या तपासण्या. एसजीपीटी हा शब्द आता बाजारातला भाजीवालाही वापरतो, पण त्या आकड्यामागे काय मोजलं जातं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आम्ही एन्झाइम तोलत नाही, त्याचं काम मोजतो. एसजीपीटी अॅलनिन या अमिनो आम्लाचा अमिनो गट उचलून दुसऱ्या रेणूवर ठेवतं आणि त्यातून ग्लुटामिक आम्ल तयार होतं. हो, तेच. सकाळच्या त्या बापाला हवं असलेलं. खोबणीतल्या एका लायसिनला ब जीवनसत्त्वाचा एक प्रकार, बी-6, चिकटलेला असतो. गट उचलायचा हात तोच. रीजंटमध्ये दुसरं एन्झाइम असतं, ते उरलेला पायरुव्हेट संपवतं आणि ते करताना एनएडीएच खर्च होतं. एनएडीएच 340 नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं. तो शोष दर मिनिटाला किती घटला, त्यावरून आकडा. सगळं 37 अंशांवर. क्युव्हेट गरम व्हायच्या आधी बटण दाबलं तर आकडा कमी येतो आणि डॉक्टर निश्चिंत होतात.

सिकलच्या पेशंटच्या कागदावर एसजीओटी आणि बिलिरुबिन वाढलेलं दिसलं की आधी लिव्हरवर संशय घेऊ नये. साधी तांबडी पेशी 120 दिवस जगते, सिकलची दहा-वीस दिवसांत फुटते. पिवळे डोळे त्या मोडतोडीचे असू शकतात. आमच्याकडे पिवळे डोळे दिसले की पोराला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेतात, गळ्यात माळ येते, आणि चार-दोन आठवडे त्यातच जातात.

दीड

डबा. ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ, सिस्टरनं दिलेली मिरचीची चटणी. नंदुरबारची मिरची आहे, हे सांगावं लागत नाही.

दोन

सौराष्ट्रातून परतलेला एक गडी, एक दिवसाआड हुडहुडी. स्लाइड रंगवून तेलाखाली बघितली: व्हायव्हॅक्स. पेशी फुगलेली, आत कडं. क्लोरोक्विन तीन दिवस, आणि यकृतात लपलेले जंतू मारायला प्रायमाक्विन चौदा दिवस. प्रायमाक्विनपाशी मात्र मी एमओ साहेबांना हटकून आठवण करते: जी-सिक्स-पीडी.

हे 515 अमिनो आम्लांचं एन्झाइम. तांबड्या पेशीला गंजण्यापासून वाचवायला जे एनएडीपीएच लागतं, ते पेशीत हेच एन्झाइम पुरवतं. आपल्याकडच्या आदिवासी समाजांत याचा जो प्रकार जास्त सापडतो त्याला ‘ओरिसा’ म्हणतात: 44व्या जागी अॅलनिनऐवजी ग्लायसिन. दुसरा ‘केरळ-कल्याण’, हे कल्याण आपलंच: 317व्या जागी ग्लुटामिकच्या जागी लायसिन, म्हणजे ऋण भार जाऊन थेट धन. तिसरा ‘मेडिटेरेनियन’: 188व्या जागी सेरिनऐवजी जाडजूड फेनिलअॅलनिन, आणि तो या तिघांत तापदायक. प्रत्येकात एकच नाव बदललेलं, तरी एन्झाइम कुठे अंमळ ढिलं, कुठे जवळजवळ निकामी. असा माणूस एरवी ठणठणीत असतो. नांगर धरतो, ऊस तोडतो. प्रायमाक्विन पोटात गेलं की पेशी फुटतात आणि लघवी काळ्या चहासारखी होते. जनुक एक्स गुणसूत्रावर, म्हणून पुरुषांना जास्त भोगावं लागतं.

स्पॉट टेस्टमध्ये रक्ताचा ठिपका जांभळ्या दिव्याखाली चमकला तर एन्झाइम ठीक. याचा चमकला. गोळ्या घेऊन गडी बाजारात पळाला, ढोल वाजत होते.

मलेरियाचा आणि या दोन्ही बिघाडांचा संबंध योगायोगाचा नाही. सिकलच्या वाहकाला जीवघेणा मलेरिया कमी होतो, हे अँथनी अॅलिसन यांनी आफ्रिकेत 1954मध्ये दाखवलं. डासांच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांच्या रक्तात ही अक्षरं टिकली ती त्यामुळे. पिवळं कार्ड बघून सोयरीक मोडायला निघालेल्यांना मी हेही सांगते. मोडायची काही गरज नसते. समोरच्याचीही तपासणी करा, एवढंच म्हणणं आहे. दोघेही वाहक असतील तर दर बाळंतपणाला चारात एक धोका, आणि तो निर्णय त्यांचा.

साडेतीन

हायड्रॉक्सियुरिया या सिकलसेलच्या गोळीवर असलेल्या मुलामुलींच्या सीबीसी. आश्रमशाळेतली आठवीतली एक मुलगी ठरलेल्या दिवशी एकटी येते, एसटीनं. सिकलसेलच्या रुग्णांना एसटीचा प्रवास मोफत आहे. पूर्वी तिला दर पावसाळ्यात भरती करावं लागायचं. आता वर्गात पहिली येते आणि मला प्रश्न विचारून भंडावते. आज म्हणाली, “गोळी ते व्हॅलिन काढून टाकते का?”

नाही काढत. गोळी पकडते वेगळंच एन्झाइम, डीएनएचा कच्चा माल बनवणारं रिबोन्युक्लिओटाइड रिडक्टेज. त्यात टायरोसिन हे अमिनो आम्ल एक सुटा इलेक्ट्रॉन धरून बसलेलं असतं, काम त्याच्या जोरावर चालतं. गोळी तो इलेक्ट्रॉन विझवते. मज्जेतल्या पेशींची वाढ अडते, आणि या धांदलीत गर्भातल्या हिमोग्लोबिनचा कारखाना पुन्हा थोडा सुरू होतो. त्या हिमोग्लोबिनच्या साखळीत 87व्या जागी थ्रिओनिनऐवजी ग्लुटामिन असतं, आणि ते धाग्यात नीट बसत नाही. दोर मध्येच तुटतो. बिघाड एका अमिनो आम्लानं, त्याला आडवं येणारंही एक अमिनो आम्ल. 2023मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेली कॅसजेव्ही ही जनुक-उपचाराची पद्धतही सहावी जागा दुरुस्त करत नाही. तीही गर्भातलं हिमोग्लोबिन परत आणते. तिची किंमत मी मुलीला सांगितली नाही.

मज्जा दबते म्हणूनच पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट बघत राहायचं. आज दोन्ही ठीक. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान, वाढलाय, म्हणजे गोळी खरंच पोटात जातेय. काही जणांचा एमसीव्ही वाढत नाही. ते विचारल्यावर खाली बघतात.

पाच

गढूळ नळ्यांवाल्यांचे जांभळ्या झाकणाचे बल्ब बर्फाच्या पेटीत भरायचे. गाडी चांदसैली घाटानं उतरून नंदुरबारला जाते, तिथे एचपीएलसी होते. तिथल्या नळकांड्यातला माल ऋण भाराचा असतो आणि हिमोग्लोबिनला धरून ठेवतो. सिकलच्या साखळीनं आपला एक ऋण भार गमावलेला, त्यामुळे ते जास्त घट्ट धरलं जातं आणि उशिरा बाहेर पडतं. आलेखावर वेगळं शिखर उठतं. शिखर एकटं की साध्या ‘ए’ हिमोग्लोबिनच्या सोबत, त्यावर लाल कार्ड की पिवळं.

भाराच्या याच फरकावर लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी 1949मध्ये विजेच्या क्षेत्रात दोन्ही हिमोग्लोबिन वेगवेगळी धावताना दाखवली आणि ‘रेणूचा आजार’ ही कल्पना मांडली. फरक नेमका कुठे, ते व्हर्नन इन्ग्रम यांनी केंब्रिजमध्ये शोधलं. त्यांनी ट्रिप्सिन या एन्झाइमनं साखळ्या कापल्या. ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिन यांच्याच पुढे कापतं, भलतीकडे नाही. तीसेक तुकडे कागदावर पसरले आणि एकच ठिपका जागेवरून हललेला दिसला. 1956-57ची गोष्ट. आज माझ्या पेटीत वाजणारे बल्ब त्या हललेल्या ठिपक्याच्याच शोधात निघालेत. 1 जुलै 2023ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेलचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, 7 कोटी लोकांच्या तपासणीचं. नंदुरबार जिल्ह्यात 2011च्या जनगणनेनुसार जवळपास सत्तर टक्के लोक अनुसूचित जमातींचे, तेव्हा आमच्या वाट्याची पेटी लवकर रिकामी व्हायची नाही.

रात्री साडेआठ

क्वार्टरवर पोचले तोच सिस्टरचा फोन. वीस-बावीस वर्षांची मुलगी, भोंगऱ्यात दिवसभर नाचली, पाण्याचा थेंब नाही, संध्याकाळी डोंगरावर गार वारा सुटला. आता मांड्या आणि कंबर धरून ओरडतेय. बापानं आणि भावानं वरच्या पाड्यावरून झोळीत रस्त्यापर्यंत आणली, पुढे जीपनं.

एमओ साहेबांनी सलाइन लावलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं, दोन घोंगड्या पांघरायला सांगितल्या. ऑक्सिजन बोटावर 96. मी सीबीसी लावली: हिमोग्लोबिन 7.4.

आई मागे लागली. “रगत कमी आहे ना? मग रगत चढवा.” शेजारच्या खाटेवरचे दोघे-तिघेही तेच म्हणायला लागले. साडेसातचा आकडा बघून कोणालाही तेच वाटेल. पण मुलीच्या पोलक्यात घडी घातलेलं लाल कार्ड होतं, आणि त्यावर मागच्या तिन्ही खेपांचे आकडे: 7.6, 7.3, 7.5. हे तिचं रोजचंच. दुखणं रक्त कमी असल्याचं नाही, अडकलेल्या पेशींचं आहे. वरून घट्ट रक्त ओतलं तर वाहणं आणखी जड होईल. साहेबांनी आईला हे दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा आमच्या पावरी बोलणाऱ्या सिस्टरनं सांगितलं, तेव्हा तिनं मान डोलावली आणि तांब्या उचलून मुलीच्या तोंडाला लावला.

तरीही गट आणि क्रॉसमॅचसाठी एक बल्ब काढून फ्रिजमध्ये ठेवला. ताप आला, छातीत दुखायला लागलं किंवा ऑक्सिजन उतरला तर हिशेब बदलतो. पहाटे पाचला पुन्हा सीबीसी करायची आहे. आकडा दोननं खाली गेला, तर रक्ताची सोय आणि नंदुरबारला फोन.